डाव्या कोपऱ्यातला डबा

संगणकाची जावा भाषा शिकायला येणारी पोरं पहिला फॉर्म बनवतात तेव्हा सगळी एकच आगाऊपणा करतात. पडद्यावरच्या खिडकीत लिहायचा एखादा डबा ठेवायचा तर त्याची जागा आकड्यांत लिहून टाकतात: डावीकडून इतकं, वरून इतकं, रुंदी इतकी, उंची इतकी. त्यांच्या संगणकावर ते झकास दिसतं. माझ्या संगणकावर उघडलं की अर्धं बटण खिडकीबाहेर. मग मी चिडते. बालाघाटच्या बसस्टँडमागच्या आमच्या क्लासात माझं चिडणं प्रसिद्ध आहे. पोरं आपसात म्हणतात, मॅडमला काही पण बोला, फक्त आकडे टाकू नका.

चिडून झालं की मी त्यांना पंगतीचं उदाहरण देते. लग्नात पंगत बसवणारा एक माणूस असतो. तो कुणाची जागा आधीपासून नेमून ठेवत नाही. "सरका जरा, आणखी दोघं बसतील," म्हणत तो मांडव मोठा असला तर ऐसपैस बसवतो, लहान असला तर दाटीवाटीनं. जावातला लेआउट मॅनेजर म्हणजे तो माणूस. फ्लो लेआउट ओळीनं बसवत जातो, ओळ भरली की खालची ओळ धरतो. ग्रिड लेआउट सगळ्यांना सारखी जागा देतो. बॉर्डर लेआउट चार जणांना चार कडांना लावतो आणि उरलेली सगळी जागा मधल्याला देऊन टाकतो. तुम्ही फक्त कोण कोण आलंय ते सांगा, बसवायचं त्याच्यावर सोडा. हे मी हिंदीत, अगदी ठासून शिकवते. आणि दर वेळी शिकवताना मला आठवतं, माझ्या बाबांचं काट्यावरचं बसणं ज्या फॉर्मवर टिकून होतं, तो फॉर्म आकड्यांनीच बांधलेला होता.

बाबा एका राइस मिलच्या धरमकाट्यावर होते. धरमकाटा म्हणजे ट्रक-ट्रॅक्टर आख्खा तोलायचा काटा. जमिनीत लोखंडी पाट, बाजूला एक खोली, खोलीला खिडकी, आणि खिडकीत बाबा. भरलेली गाडी तोलायची, माल उतरला की रिकामी तोलायची, मधला फरक पर्चीवर. धानाचे दिवस असले की खैरलांजीकडून ट्रॅक्टरांची रांग लागायची. एरवी उकव्याकडचा एखादा मँगनीजचा ट्रकही बाहेरून तोलून घ्यायला यायचा. त्या खिडकीतून बाबा अर्ध्या जिल्ह्याला ओळखत आणि त्याचा त्यांना ताठा होता. कुणी "तुमचे वडील काय करतात" विचारलं की मी सांगायच्या आत तेच सांगत, "काट्यावर असतो मी."

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मिलच्या सेठांनी काट्यावर संगणक आणला, आणि बाबांनी परस्पर सांगून टाकलं की प्रोग्राम माझी पोरगी लिहील. मला तेव्हा धड काही येत नव्हतं. पण बाबांनी माझी आणि मी बाबांची अब्रू राखायची, असा तो मामला होता. मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. बाबांनी पडद्यावर बोट ठेवायचं आणि मी आकडे टाकायचे. गाडी नंबरचा डबा वर डावीकडे. त्याच्या खाली गाव. गावाखाली माल. "अजून थोडा खाली घे वो. इतका नाही, आता उडी मारली त्यानं." डबे हा त्यांचाच शब्द. वजन तर काट्याच्या तारेतून आपोआप यायचं, त्याला उजवीकडे मोठा डबा दिला. पडदाभर बाबांच्या बोटांचे ठसे उठले होते. घरी येताना त्यांनी मला रसगुल्ला खाऊ घातला आणि दुकानदाराला विनाकारण सांगितलं की आज प्रोग्राम झाला.

तो फॉर्म बरीच वर्षं चालला. मी शिकले, शिकवायला लागले, स्वतःचं ते जुनं काम बघून मला लाज वाटायला लागली. त्यातच सेठांनी नवा रुंद पडदा आणला, आणि आमचा फॉर्म त्याच्या एका कोपऱ्यात पाकिटावरच्या तिकिटासारखा दिसायला लागला. बाबाही अलीकडे पडद्याला नाक लावून बसत. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी अक्षरं मोठी करून पाहिली तर ती मापाच्या डब्यांत मावेनात, अर्धी कापली जायला लागली.

"सगळा नवा करून देतो," मी म्हटलं. घरात आमच्याकडे पोरीही कधी कधी असंच बोलतात. "अक्षर मोठं केलं का डबे आपोआप सरकतीन. पडदा भरून दिसन."

"राहू दे ना वो. जसा हाये तसा बेस हाये."

"काहून? किती घाण दिसते तो."

"मले सवय झाली त्याची."

"सवय तर नवीनचीबी होते, बाबा."

बाबा उठून पाय धुवायला गेले. मी त्याचा अर्थ हौ, म्हणजे हो, असा घेतला आणि एका सुट्टीच्या दिवशी सगळं नव्यानं बांधून काट्यावर टाकून आले. खरंच देखणं झालं होतं. अक्षरं ठसठशीत, पडदा भरलेला. मालाचा डबा लहान, तो गाडी नंबरच्या शेजारी त्याच ओळीत मावला. गावाचा डबा खालच्या ओळीत ऐसपैस पसरला. खिडकी लहान-मोठी करून पाहिली, सगळं शहाण्यासारखं सरकत होतं. मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारीच सेठांचा फोन. आवाजात हसू होतं. मी गेले तर काट्यापाशी चार-पाच ट्रॅक्टरवाले एक पर्ची हातोहात फिरवत होते. तिच्यावर छापलं होतं, गाव: धान. माल: खैरलांजी. "चाचा ने आज पूरी खैरलांजी तौल दी," एक जण म्हणाला आणि बाकीचे खिदळले. मीही हसले. मला वाटलं, माझीच काही चूक राहिली असेल, नावं उलटी लागली असतील.

आत जाऊन मी बाबांच्या मागे उभी राहिले. ते पुढची गाडी घेत होते. खिडकीतून ओरडले, "नंबर बोल बेटा," ड्रायव्हरनं सांगितला, त्यांनी तो बोटांनी भराभर उतरवला. मग टॅबची कळ दाबली आणि गावाचं नाव लिहायला लागले. टॅब पुढच्या डब्यात नेते, आणि पुढचा डबा म्हणजे पडद्यावर जो पुढं दिसतो तो. आता पुढं माल होता. तो चांगला मोठ्या अक्षरांत होता, नाकासमोर होता. आणि बाबांचं तोंड पडद्याकडे नव्हतंच. ते खिडकीकडे तोंड करून, मान थोडी तिरपी ठेवून, बोटांनीच लिहीत होते.

"बाबा, आता कोणत्या डब्यात हायेत तुम्ही?"

"गावाच्या."

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"तुम्हाले दिसत नाही का?"

"दिसते ना. उजेड दिसते. कोणी आलं-गेलं समजते."

"हे लिवलेलं दिसते का?"

त्यांनी कळफलकावरचा हात उचलला नाही. तसेच म्हणाले, "मागच्या धानापासून नाही दिसत. डबे पाठ होते मले. कोणाले समजलं नाही पाहा." मग आवाज अगदी खाली आणून, "तू कोणाले सांगू नको. पहिले होता तसाच करून दे. तेवढं करून दे वो माय."

मला तिथं रडायचं नव्हतं. बाहेर गाड्या उभ्या होत्या. मी स्टूल ओढलं आणि बाबांच्या शेजारी बसून जुना फॉर्म परत टाकला. गाडी नंबर वर डावीकडे. खाली गाव. त्याखाली माल. अक्षरं बारीक, पडदा रिकामा, सगळं ओंगळ. बाबांनी टॅब दाबत एक चक्कर मारली, प्रत्येक डब्याला नाव घेऊन हाक मारली, मी प्रत्येक वेळी हौ म्हटलं. मग त्यांनी खिडकीतून ओरडून पुढची गाडी घेतली.

मी त्यांना गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात, बाबांचं मुंगीच्या पावलांनी आलं होतं, कडांकडून आत. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळू. बाबा तिथं अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान हलवत होते. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला एवढंच विचारलं, "काट्यावर बसता येईन ना?" मी म्हटलं, हौ. माझ्या हातात तेवढंच होतं. डबे जागेवर ठेवायचे.

काही महिने निभावलं. सेठांना मी सांगितलं नाही, त्यांना कळलं असेल तरी त्यांनी दाखवलं नाही. पण काट्याच्या कामात एक गोष्ट अशी आहे जी कुठल्याही फॉर्ममध्ये नाही. गाडीची सगळी चाकं पाटावर चढली का, ते खिडकीतून बघावं लागतं. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मागचं चाक बाहेर राहिलं आणि एका शेतकऱ्याचं धान कमी तोललं गेलं. त्या माणसानं भांडण केलं नाही, फक्त म्हणाला, काका, एकदा परत पाहता का? परत तोललं, बरोबर आलं. माणूस गेला. बाबा त्याच संध्याकाळी चपला घालून घरी आले आणि आईला म्हणाले, "झालं माझं." आईला वाटलं जेवणाचं म्हणतात. तिनं ताट काढलं नाही.

दुसऱ्याचं धान कमी तोललं, हे त्यांना डोळे जाण्यापेक्षा जास्त लागलं. मी किती समजावलं. ते म्हणाले, "काटा हाये तो. त्याच्यात हौ-नाही नसते."

सेठांनी मग बाजारातून तयार प्रोग्राम आणून लावला. जुना संगणक कुठं गेला मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि आपला फॉर्म गेला हे बाबांनाही सांगितलं नाही.

आता आमचं घर आकड्यांनी बांधलेलं आहे. बाबांची खाट दाराच्या डाव्या अंगाला. पाण्याचा लोटा खाटेच्या उशाशी, खिडकीकडून हातभर. माझी प्लास्टिकची खुर्ची खाटेच्या समोर, शिलाई मशीनला लागून, तिथं बसून मी क्लासचं काम करते. बुद्धपौर्णिमेच्या आधी आईनं सफाईसाठी खाट भिंतीकडून जराशी ओढली तर बाबांचा गुडघा फुटला. त्यावरून मी आईला इतकं बोलले की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचंही खरं होतं, घर म्हटलं की वस्तू हलणारच. पण मी कुणाला काही हलवू देत नाही. क्लासात पोरांना म्हणते, सरकू द्या, आणि घरी येऊन चपलासुद्धा मोजून ठेवते.

परवा संध्याकाळी लाइट गेली होती आणि उकाडा फार होता. मी लॅपटॉप घेऊन दारात उंबरठ्यावर बसले होते, जरा वारा लागावा म्हणून. बाबा आतून भिंतीला हात लावत आले, खाटेवर बसले, चेहरा माझ्या खुर्चीकडे केला. रिकाम्या खुर्चीकडे.

"काम करून राह्यली का?" त्यांनी खुर्चीला विचारलं.

मी दारातून बोलले असते तर त्यांना कळलं असतं की आपण रिकाम्या खुर्चीशी बोलत होतो.

"कर, कर. मी बसतो." थोडा वेळ ते खुर्चीकडे बघून हसत राहिले. मग म्हणाले, "एक सांग ना वो. तो आपला फारम काट्यावर आताबी चालते ना? गाडी नंबरचा डबा वर डावीकडंच ठेवला ना त्यायनं?"

मी लॅपटॉप उंबरठ्यावर ठेवला. चपला नव्हत्याच पायात. बांगडी वाजू नये म्हणून मनगट हातात घट्ट धरलं, त्यांच्यासमोरून हळूच गेले आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले.

"हौ बाबा," मी म्हटलं. "तिथंच हाये."