शून्यावर न सोडलेला एक

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, निवृत्तीला पाच महिने उरले असताना एका आकड्याने मला भर पोलीस ठाण्यात आ वासून बसायला लावलं. तो आकडा म्हणजे एक. अजूनही कुठे दिसला की मी दचकतो.

शिरड शहापूरच्या एक अंगणवाडीसेविका तक्रार घेऊन आल्या. लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी साठवलेले दोन लाख त्यांनी डिजिटल नाण्यांत, म्हणजे क्रिप्टोत, घातले होते. फी भरायला आठ दिवस उरले होते आणि नाणी परत मिळत नव्हती. ती ज्याच्यामार्फत घेतली, तो आखाडा बाळापूरचा मोबाईल दुकानदारही सोबत आला होता. बाईंपेक्षा तोच जास्त रडत होता.

"माझे बी बुडाले साहेब! दुबईच्या कंपनीनं मावशीची नाणी कुलपात टाकली. मी काय करू?"

मी त्याला चहा पाजला. फिर्यादीपेक्षा जास्त रडणाऱ्याला मी नेहमी चहा पाजतो. चहासाठी माणूस बसून राहतो.

त्याने बाईंना पावती म्हणून अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ दिली होती. मला ती बिघडलेल्या टाइपरायटरची करामत वाटली. आमच्या सायबर कक्षातल्या महिला शिपायाने ती एका साइटवर टाकली, आणि त्या व्यवहाराची अख्खी कुंडली पडद्यावर आली. कुठल्या वॉलेटमधून निघाला, कुठल्या वॉलेटात गेला, किती वाजून किती मिनिटांनी.

"याला कोर्टाची परवानगी लागत असेल ना?"

"काहून साहेब? कुणालाबी दिसतंय. चावडीच्या भिंतीवर लावल्यासारखं. नावं तेवढी झाकलेली."

मी हादरलो. पण खरा धक्का पुढे होता. कुलपातली म्हणवली जाणारी नाणी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुकड्यातुकड्यांनी निघाली होती. एकशे एक. दोनशे एक्कावन्न. पाचशे एक. सगळी एका भारतीय एक्स्चेंजकडे, म्हणजे नाण्यांचे रुपये करून देणाऱ्या कंपनीकडे.

दुबईचा साहेब आहेर करून राहिला होता की काय!

एक्स्चेंजला नोटीस धाडली आणि दुकानदाराला जबाबासाठी बोलावलं. सहज कागद पुढे सरकवला. "आम्हाला यातलं कळत नाही. समज, पाचशेच्या आसपास नाणी पाठवायची आहेत. कशी पाठवशील, लिहून दाखव."

त्याने झोकात लिहिलं, ५०१.

"हा वरचा एक कशाला?"

"शून्यावर सोडू न्हाई साहेब, बरकत जाती. मी तर कदीच..."

त्याने घाईने तो एक अंगठ्याने झाकला. चहा थंड झाला.

आहेराचा एक पुरावा होत नाही, हे मलाही कळतं. तिसऱ्या दिवशी एक्स्चेंजचं उत्तर आलं. खातं त्याचंच, फोटोही त्याचाच, त्यात हसरा. बहुतेक नाणी तिथेच होती. खातं गोठवलं. आमच्या पत्रावर कॉलेजने फीची मुदत वाढवली आणि पुढे कोर्टाच्या आदेशाने बाईंची रक्कम सुटली.

माणूस नाव लपवतो, गाव लपवतो. हाताची सवय लपवायची राहून जाते. तंत्र कितीही नवं असो, ते चालवणारा हात आखाडा बाळापूरचाच असतो, हे मी एक्स्चेंजचं उत्तर आलं त्या दिवशी शिकलो.

आणि ठाण्यात आवाज चढला तोही त्याच दिवशी. दुकानदाराने बाईंचे पाय धरले. "मावशी, केस मागं घ्या. तुमचे सगळे देतो, वर एक हजार एक देतो!"

तोवर कुजबुजत बोलणाऱ्या बाई कडाडल्या, "तुझा एक तुलाच राहू दे मेल्या, माझी दोन लाखांची शून्यं वापस दे!"