अडाळ्यावरचा वाईस

द्वारकावयनी गेल्याची बातमी मला वेंगुर्ल्याला कळली, तीही अकराव्या दिवशी; लग्नघरात सुतक नको म्हणून घरच्यांनी निरोप लांबवला होता. माहेरी भाचीच्या लग्नाची गडबड, मी ओटीवर काजूगर निवडत बसलेली, आणि आमच्या गावचा ओळखीचा गाडीवाला दारात येऊन चपला काढू की नको अशा विचारात उभा. त्याचं तोंड बघूनच मी समजले. "वयनी गेली," तो म्हणाला. "त्या दिसा सकाळी चाय पिऊन बसलली, तशीच आडवी झाली." मग जरा घुटमळला... "आणि तांडेलान सांगल्यान हा, बाराव्याक तिचो गऱ्यांचो डबो आणि तो अडाळो दर्यात सोडूचो." माझ्या डोळ्यांत यायचं पाणी तिथंच अडलं. खोटं कशाला बोलू, थोरल्या जावेचं दुःख मला पुढं एसटीत झालं. आधी आला तो राग.

हा राग कसला ते सांगायला हवं. आमचं गाव मालवणच्या उत्तरेला, खाडी दर्याला मिळते तिथं. गावची रीत अशी, की खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकावर, उभा राहून गरी टाकणारा, म्हणजे गरवणारा माणूस गेला की त्याचं सामान बाराव्या दिवशी दर्याला द्यायचं. ज्याचं त्याला परत. रीत चांगली आहे, मला ती आवडतेही. पण द्वारकावयनीला त्या गावानं उभ्या जन्मात गरवणारी म्हटलं नाही. बाईमाणसानं गरी धरली की म्हावरं पळतं, दर्या रुसतो, काय काय म्हणून ऐकवलं तिला! आणि आता मेल्यावर एकदम गरवणाऱ्याचा मान? वा रे वा! मला तो मान बरोबर कळला. डबा बुडाला, अडाळा बुडाला की प्रकरण मिटलं. पुन्हा कुठल्या बाईचा हात त्याला लागायला नको.

पन्नास सालाच्या आसपास मी लग्न होऊन त्या घरात आले. पहिल्या दिवशी कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते, तर ही उंच, काळीसावळी बाई समोर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणते, "गो, तुजो पैसो पडलोहा काय भुयेर? मान वर कर मगे." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले, आणि त्या घडीपासून मी तिची झाले ती झालेच.

तिचे यजमान, आमचे भावजी, मोठ्या बोटीवर इंजिनात कामाला. त्यांच्या बोटीवरचा गोरा इंजिनियर बंदरात बोट लागली की कोंबड्याची पिसं गरीला बांधायचा आणि तेवढ्यावर मासे धरायचा. आमिष नाही, सुंगट म्हणजे कोळंबी नाही, काही नाही. पाण्यात ते पीस असं लवलवतं की माशाला वाटतं लहानसं म्हावरंच पळतंय. भावजींनी ती कला उचलली. सुट्टीवर आले की आम्हांला दाखवून चिडवायचे, "बघा, कोंबो मेलो तरी बांगडे धरता!" पुढं एका बंदरात साखळी तुटून त्यांच्या पाठीत बसली. घरी आले ते चौघांच्या खांद्यावरून. कमरेखाली सगळं गेलेलं, हात थरथरायचे. खिडकीजवळच्या बाजेवर पडून दर्या बघायचा, एवढंच उरलं.

बाबल तांडेल हा आमच्या गावच्या रापणीचा म्होरक्या. रापण म्हणजे सगळ्या गावानं किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. तो भावजींचा बालमित्र. रोज टोपलीतून म्हावरं पाठवायचा. माणूस वाईट नव्हता, हे इथं लिहिलंच पाहिजे. पण एकदा आमच्याच अंगणात कुणाशी तरी बोलता बोलता म्हणाला, "आता जल्मभर पोसूचो लागतलो ह्येका." खिडकी उघडी होती. भावजींनी भिंतीकडे तोंड केलं. वयनीने ते पाहिलं, टोपली उचलली, तडक किनाऱ्यावर गेली आणि साऱ्या रापणकरांच्या देखत तांडेलाच्या पायाशी ठेवली. "माज्या घोवाक मी खावक घालतलंय. तुमचां म्हावरां तुमका लखलाभ!" घरी आली, पदर खोचला, बाजेशी बसली आणि भावजींना म्हणाली, "शिकवा."

पीस बांधायचं तर गरी कशात तरी घट्ट धरावी लागते, कारण दोन्ही हात दोऱ्याला आणि पिसाला हवेत. म्हणून लागतो वाईस, जबड्यात वस्तू आवळून धरणारी लोखंडी पकड. पहिला आणला सोनाराकडचा हातवाईस. पण तो धरायलाच एक हात जायचा. "म्हणजे माका तिसरो हात फुटूक व्हयो," वयनी म्हणाली. मग होड्या बांधणाऱ्या मेस्त्रीकडचा आणला. तो एवढा थोरला की गरी त्याच्या जबड्यात दिसेनाशी व्हायची. "ह्येच्यात गरी न्हय, तांडेलाची मान बरी बसात!" भावजी कित्येक महिन्यांनी हसले ते तेव्हा. शेवटी माझ्या ह्यांनी मुंबईहून चोरबाजारातले दोन आणले. एक चकचकीत, एक काळपट. मी चकचकीत उचलला. वयनीने दोन्हींत आळीपाळीने गरी धरून नखाने तिला टिचकी मारली. चकचकीतातली गरी गुपचूप सरकली. काळपटातली टिंग करून वाजली, जागची हलली नाही, आणि काढून बघितली तर तिच्यावर ओरखडाही नव्हता. जबडे बारीक, मागून बोटं घालायला जागा, आणि खाली फळीला आवळायचा स्क्रू. "ह्यो," ती म्हणाली. "धरता, पण चिरडीत नाय." चकचकीत वाईस पुढं बरीच वर्षं माझ्या धाकट्याचं खेळणं होता.

पण आवळायचा कशाला? आमच्या घरात टेबल कुठलं! वयनीची नजर फिरत फिरत स्वयंपाकघरातल्या अडाळ्यावर गेली. अडाळा म्हणजे आमची विळी. त्याच्या फळीवर बसून बाई मासे चिरते, नारळ खवते. तिने हातोडी घेतली, पातं ठोकून बाहेर काढलं आणि त्या जागी वाईस बसवला. एक पाय दुमडून फळीवर बसली की तिच्याच वजनाने फळी घट्ट, आणि गरी डोळ्यांसमोर. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आये म्हणायचो, आकाशपाताळ एक केलं. "अगो, भरल्या घरातल्या अडाळ्याचां पातां काढलंस? घोव तसो पडलोहा, तुका काय वाटता की नाय?" वयनी न उठता म्हणाली, "आये, घोव पडलोहा म्हणान तर काढलंय." आये तिच्याशी बोलेनाशा झाल्या. मग एके सकाळी आये कोंबडा सोलत होत्या, तिथून त्यांची हाक आली, "गो द्वारके, मानेवरची पांढरी पिसां बरी दिसतत. ठेवू काय?" झालं, भांडण मिटलं.

पहिल्या पावसाळ्यात मात्र तिने चांगलेच हात पोळून घेतले. दर्याकाठी लोखंड म्हणजे गंजाचं खाद्य, म्हणून तिने डब्यात काथ्याची मऊ गादी केली, तिच्यात गऱ्या टोचल्या, वरून खोबरेल चोपडलं आणि झाकणाच्या कडेला मेण लावून डबा बंद केला. नारळी पुनवेला मोठ्या थाटात उघडला तर आत तांबडा चुरा, आणि खोबरेलाने चिकटलेल्या पिसांना कसर! भावजींनी काथ्याची एक काडी जिभेला लावली आणि म्हणाले, "खारट." तेव्हा उजेड पडला. आमच्याकडे काथ्या करताना नारळाची सोडणं महिनोन्महिने खाडीच्या चिखलात पुरतात. तो काथ्या मुळात मीठ पिऊन बसलेला. वयनीने कपाळावर हात मारला. "चोराक घरात घेवन भायरसून कडी घातलंय गो मी!"

मग तिने जी पद्धत बसवली ती शेवटपर्यंत मोडली नाही. काथ्याच्या जागी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची चकती, तीही विहिरीच्या पाण्यात भिजवून खडखडीत वाळवलेली. खडपावरून आली की स्वतःचे पाय धुवायच्या आधी गऱ्या गोड्या पाण्यात खळबळायच्या. वाळवायच्या सावलीत, कारण उन्हात पीस करपतं. तेल लावायचं ते शिलाई मशीनचं, फडक्याने, फक्त लोखंडाला. डब्याच्या तळाशी शिंपल्यांच्या कळीच्या चुन्याची पुरचुंडी, तो ओल खातो, आणि कसर लागू नये म्हणून कापराची वडी. पावसात डबा चुलीवरच्या फळीवर, आणि उघडीप मिळाली की झाकण उघडं. "ओल आत कोंडली तर गंजता," ती म्हणायची, "मगे ती गरी असो नायतर माणूस." आणि माझ्याकडे असं बघायची, की मला माझं तोंड उघडावंच लागे.

खडपावर ती रोज सकाळी जायची. बांबूची काठी, तंगुसाची चिवट दोरी, नऊवारीचा काष्टा. बांगडे तर मिळतच, कधी तांबोसा मिळे. एकदा खाडीच्या तोंडाशी चोणक लागला, तो तिने पदराने ओढून वर घेतला. भावजी खिडकीतून ओरडून सांगायचे, "डावीकडे! डावीकडे पाणी हलता बघ!" एवढ्या लांबून तिला काय ऐकू जाणार? पण त्यांच्या आवाजात पुन्हा जीव आला होता, तो आम्हांला ऐकू यायचा ना.

मग एका वर्षी रापण सारखी रिकामी यायला लागली, आणि त्याला कारण सापडलं. आमची वयनी! तांडेल चार माणसं घेऊन अंगणात आला. "वयनी, डबो दी. गाव उपाशी मरता." मला वाटलं ही आता कोयती काढते. तिने शांतपणे डबा आणून त्याच्या हातात दिला. "डबो व्हयो? घेवा. हात माजे हंयच रवतत." तांडेलाने डबा खाडीत भिरकावला. ती वळली, अडाळ्यावर बसली आणि दोरा ओवला. दुसऱ्या सकाळी नव्या पिसाची गरी घेऊन खडपावर हजर, आणि आठवड्यात नवा डबाही तयार! रापण तरीही रिकामीच आली, मग पुढच्या हंगामात भरभरून आली, आणि दोन्ही वेळा वयनी खडपावरच होती. पण 'चुकलं' असं कुणी म्हटलं नाही. कोण म्हणणार?

भावजी गेले तेव्हा बाराव्याला तिने स्वतः इंजिनियरने दिलेल्या त्यांच्या जुन्या गऱ्या दर्यात सोडल्या. "तुमच्यो तुमका," म्हणाली आणि पहिल्यांदा आमच्यासमोर रडली, अगदी मोठ्याने. तांडेलाने हळूच विचारलं, "आणि डबो?" तिने डोळे पुसले. "तो माजो." महिनाभराने पांढऱ्या कपाळाने ती पुन्हा खडपावर उभी राहिली, तेव्हा आमच्या आळीतली कुजबुज मी ऐकली आहे. तिनेही ऐकली असणार. काठी काही खाली आली नाही.

तर वयनीच्या बाराव्याला मी वेंगुर्ल्याहून पोचले ती सरळ आत गेले. अडाळा तिच्या कोपऱ्यात होता, आणि वाईसच्या जबड्यात अर्धी बांधलेली गरी. पांढरं पीस, लाल दोरा लोंबता... चहा पिऊन ती तिथंच बसली होती तर! आता मात्र मला रडू आवरेना. तेवढ्यात अंगणात तांडेल आला. म्हातारा झालाय आता, काठी टेकतो. "धाकट्या वयनी, वेळ झाली. सामान द्या."

मी डबा त्याला दिला. "ह्यो घेवा, तांडेलानू. ह्यातल्यो गऱ्यो तिच्यो. गरवणारी होती ती, तिचो मान तिका मिळूक व्हयो. पण दर्यात सोडताना 'गरवणारी' म्हणान नाव घेवा. सगळ्यांच्या समोर."

त्याने मान हलवली. "आणि अडाळो?"

मी फळीवर पाय दुमडून बसले. "अडाळो घरचो. उठवन दाखवा माका."

 तो डबा दोन्ही हातांत धरून किनाऱ्यावर गेला. मी गेले नाही, अडाळ्यावरून उठायची माझी छाती नव्हती. पण त्याने नाव घेतलं. वाऱ्यावर मला ऐकू आलं. "द्वारका, गरवणारी," असं म्हणाला, आवाज चिरकला तरी म्हणाला.

राहिलेले वेढे मी घातले. वेडेवाकडे झाले, पीस एका बाजूला कललं, वयनी बघती तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करती. दोरा दातांनी तोडला, गरीला टिचकी मारली. टिंग वाजली. नवा डबा आणलाय, पांगाऱ्याची चकती उन्हात वाळते आहे, चुना भट्टीवरून आलाय. परवा सकाळी काष्टा घालून मी खडपावर उभी राहिले. खाली रापण ओढणाऱ्यांतला कोणी तरी कपाळावर आडवा हात धरून ओरडला, "खडपार कोण गो ता?"

"द्वारकेची जाव!" मी ओरडले, आणि गरी फेकली.