मासळीच्या काट्यावर पिस्तूल

आमच्या बाखाव गावची कपिताना, म्हणजे निवडून आलेली गावप्रमुख, पिस्तूल पारखायला बसली तेव्हा तिने ते आधी मासळी तोलायच्या काट्यावर टाकलं. लोक म्हणतात ही थाप मी मारली. थापा मी भरपूर मारतो, पण ही माझी नाही. ताटातले बांगडे मीच उचलून बाजूला केले होते.

"एक किलो शंभर ग्रॅम," नांग तेरिंग, म्हणजे आमची तेरिंगताई, म्हणाली. "रिकामं?"

"रिकामं," मी म्हणालो.

"आणि हे दिवसभर कमरेला? एवढी सुरमई घरी न्यायची तरी मी तीनचाकी करते."

तीनचाकी माझीच. तिच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा राहिलो, तेव्हापासून ती माझी कोमारे आणि मी तिचा कोम्पारे. एवढं नातं जुळलं की भाडं मागता येत नाही. शिवाय मी बाखावच्या पहारेकऱ्यांचा म्होरक्या. हत्यार म्हणाल तर एक काठी आणि एक शिट्टी. त्या शिट्टीतला दाणाही मागच्या पावसाळ्यात पडून गेला.

तेरिंग निवडून आली ती भाषणांवर नव्हे. अर्ध्या गावाची ती निनांग, म्हणजे धर्ममाता. कोणाचं पोर जन्मलं की तेरिंगला बोलवा, कारण ती नाही म्हणत नाही आणि जेवायला येताना मासळी घेऊन येते. पोरं मोठी झाली, मतदार झाली. विरोधात उभ्या असलेल्या पान्तायला हे गणित मोजणीच्या दिवशी कळलं. तेव्हापासून तो आमच्या बरांगायच्या, म्हणजे गावसभेच्या, पंचांत बसून नुसत्या भुवया चढवतो.

आता हे पिस्तूल कुठून आलं? ते होतं आधीचा कपितान बाल्ताझार याचं. जुन्या घडणीचं, पंचेचाळीसचं, काळं, जाडजूड लोखंड. आमच्या सेबूच्या या किनाऱ्यावर प्रत्येकाचा कोणी ना कोणी चुलता मागच्या अंगणात पिस्तूल घडवतो, नाही तर घडवल्याचं सांगतो. त्यामुळे हत्याराचं आम्हाला कौतुक नाही. पण बाल्ताझारच्या कमरेला ते नसेल तर तो उघडा दिसायचा. तो गेला तेव्हा त्याची बायको कोनसिंग पोलिसांकडून रीतसर कागद करून आली आणि बिस्किटांच्या डब्यातून ते पिस्तूल तेरिंगच्या ठेल्यावर ठेवून मोकळी झाली.

"घे पारखून. पटलं तर ठेव, नाही तर मी पोलिसांना देते," कोनसिंग म्हणाली. "तो हे उशीखाली घेऊन झोपायचा. जन्मभर मान धरलेली. मी म्हणायची, मेल्या, तुला चोर नाही मारणार, ही उशी मारेल."

गावाला मात्र पारख वगैरे नको होती. गावाला निलोची काळजी होती.

निलो हा गुणी पोरगा. वर्षभर नारळ सोलतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण सान रोके या संताच्या फिएस्ताला, म्हणजे जत्रेला, झुंजीत त्याचा कोंबडा हरतो, दर वर्षी हरतो, कारण निलोला कोंबड्यातलं काही कळत नाही. मग तो माडी पितो, घरी जाऊन नारळाचा कोयता आणतो आणि जिंकलेल्या कोंबड्याच्या मालकाला शोधत फिरतो. बाल्ताझार काय करायचा? समोर जाऊन पिस्तूल काढायचा आणि निलोच्या छातीवर धरायचा. निलो पळून जायचा, दुसऱ्या दिवशी लाजून नारळ आणून द्यायचा. एकदा मात्र माडी जास्त झाली होती आणि तो पळायला जरा वेळ लावत होता. तेव्हा बाल्ताझारचं बोट चापावर आवळत गेलेलं मी जवळून पाहिलं आहे.

"कपिताना, या वर्षी निलोला तू कसा थांबवणार?" पान्ताय रोज ठेल्यावर येऊन विचारायचा. "बोंबील दाखवून?"

"तुझ्यासारखा वाळलेला असेल तर दाखवीन," तेरिंग म्हणायची. पण तो गेल्यावर तिचा हात सुरीवर थांबायचा. निलोचीही निनांग तीच होती.

पान्तायकडे नवं प्लास्टिकच्या मुठीचं पिस्तूल आहे, हलकं, पंधरा गोळ्यांचं. ते तो सदरा मुद्दाम आखूड शिवून लोकांना दाखवतो. "त्या म्हातारीत किती मावतात? सात!" तो म्हणाला. "आणि घोडा मागे ओढून, कडी लावून कमरेला बांधायचं. सरळ बसायची चोरी."

तेरिंगने पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं. मोठ्या माशाचे कल्ले उघडून बघते तसंच. घोडा मागे ओढलेला पाहून तिने हात आखडला. "हे कायम असं आ वासूनच असतं?" मग मुठीच्या मागची पट्टी दाबली, ती आत गेली, सोडली तर बाहेर आली. "बघ, मोडकं आहे! कोनसिंगने मोडकं दिलं."

मोडकं आहे की नाही ते विचारायला मी तिला सार्जंट मोलिनाकडे नेलं. हा फौजेतून निवृत्त झालेला, डोंगरापलीकडे त्याची नेमबाजीची जागा. फुकट नेलं, हे पुन्हा सांगतो.

"मोडकं नाही, नांग," मोलिना म्हणाला. "ती पट्टी म्हणजे कुलूप. तळवा नीट टेकला तरच गोळी सुटते. आणि ही अंगठ्याची कडी, दुसरं कुलूप. नवी पिस्तुलं आपणहून सगळं सांभाळतात. हे सांभाळत नाही, हे तुम्हाला सांभाळायला लावतं."

"म्हणजे नवऱ्यासारखं."

मोलिना हसला नाही. फौजेत तसं शिकवत असावेत. तो म्हणाला, "एकच नियम पाठ करा. जे मारायचं नाही, त्यावर रोखायचं नाही. भरलेलं असो, रिकामं असो. गंमत म्हणूनसुद्धा नाही."

तिने कानाला कानझाकणं लावली, डोक्यावरची टोपी काही काढली नाही, आणि उभी राहिली. पहिल्या गोळीला मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पिस्तुलाकडे बघत होती, आणि खोटं कशाला बोलू, तिला ते आवडलं होतं. धक्का मोठा, पण चापट मारल्यासारखा नाही, कोणी खांद्याने ढकलावं तसा. मूठ बारीक, तिच्या छोट्या हातात छान बसली. चाप जरासा दाबला की सुटतो, ताणून धरावा लागत नाही. वजनाची कुरकूर बंद झाली, कारण त्या वजनानेच नळी जाग्यावर राहते, हे तिला तिसऱ्या गोळीला कळलं. चौथ्या गोळीला घोड्याने मागे येताना तिच्या अंगठ्याखालची कातडी चिमटली आणि तिने त्याला बाल्ताझारच्या नावाने शिवी दिली. पाचव्या गोळीने शेजारच्या माणसाच्या निशाणाच्या कागदाला भोक पडलं. तो माणूस खूश झाला, त्याची स्वतःची एकही लागली नव्हती.

"हातात बसतं की," परत येताना मी म्हणालो. मनात म्हणालो, हिने घेतलं तर कधीतरी माझ्याकडे सांभाळायला देईल. एवढीशी हाव मला आहे. काठी घेऊन फिरून बघा, मग बोला.

तिने चिमटलेला अंगठा चोळला. मग म्हणाली, "कोम्पारे, हे निलोवर धरायचं?"

"नुसतं धरायचं. मारायचं थोडंच आहे!"

"सार्जंट काय म्हणाला ऐकलंस ना? मी त्याला बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलाय. पाद्री पाणी ओतत होता आणि हा माझ्या नव्या झग्यावर मुतत होता." ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. मी उगाच हॉर्न वाजवला.

फिएस्ताचा दिवस उजाडला. बास्केटबॉलच्या मैदानावर टेबलं लागली, भाजलेलं डुक्कर मधोमध, कराओकेवर कोणी तरी केव्हापासून रडकं गाणं धरून बसलेला. तेरिंग आली तेव्हा सगळ्यांचे डोळे तिच्या कमरेकडे. फुलाफुलांचा झगा, त्यावर मासळीचा एप्रन, आणि एप्रनच्या नाडीला कातड्याच्या म्यानात बाल्ताझारचं पिस्तूल. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. मीसुद्धा.

झुंजी संपल्या. निलोचा कोंबडा हरला, आणि या खेपेला हरला तो पान्तायच्या कोंबड्याकडून.

दुपारचं जेवण अर्ध्यावर आलं असताना निलो मैदानाच्या टोकाला दिसला. डोळे लाल, अंगात सदरा नाही, उजव्या हातात कोयता. कराओके बंद पडलं. पान्तायचा हात कमरेला गेला आणि तसाच राहिला, कारण झुंजीच्या मांडवात हत्यार नेऊ देत नाहीत, आणि त्याचं पिस्तूल पंधराच्या पंधरा गोळ्यांसकट अजून मांडवाच्या फाटकावरच्या पेटीतच होतं. पुढच्या क्षणी तो डुकराच्या टेबलाखाली होता. सदरा आखूड असल्याने मागून सगळं दिसत होतं.

"काढ, कपिताना, काढ!" तो टेबलाखालून ओरडला. "धर त्याच्यावर!"

"काढ! काढ!" सगळं गाव ओरडू लागलं.

तेरिंग उठली, निलोच्या वाटेत जाऊन उभी राहिली आणि तिने पिस्तूल काढलं. नळी जमिनीकडे होती. निलो थांबला नाही. बाल्ताझारसमोर तो थांबायचा, पण त्याच्या समोर बाल्ताझार नव्हता, आणि माडीही बरीच झाली होती. मी शिट्टी फुंकली. नुसती हवा आली.

"कोम्पारे, हे धर," ती म्हणाली आणि ते लोखंड तिने माझ्या हातात कोंबलं.

आयुष्यभर जे हवं होतं ते हातात आलं आणि माझी बोबडी वळली. कडी वर म्हणजे चालू की खाली म्हणजे चालू? गाव निलोकडे बघत होतं, मी माझ्या बोटांकडे.

तेवढ्यात तेरिंगने आपला उजवा हात पुढे केला. तळवा खाली, बोटं सैल, जसा कुठलीही निनांग आपल्या पोरापुढे करते. आमच्याकडे तो हात पुढे आला की घेऊन कपाळाला लावावाच लागतो. चालता येऊ लागल्यापासून पोरं हे करतात. न करणारा मी अजून पाहिलेला नाही. रस्त्यात, बाजारात, भांडणात, कुठेही.

"काय रे," ती म्हणाली, "निनांग दिसली नाही वाटतं सकाळपासून?"

निलो जागच्या जागी अडकला. त्या हाताकडे बघत राहिला. घामाचे ओघळ चालले होते. मग त्याने कोयता डाव्या हातात घेतला.

"अस्सं? आशीर्वाद घेताना हातात कोयता? तुझ्या आईने हेच शिकवलं?"

कोयता खाली पडला. निलोने वाकून दोन्ही हातांनी तिचा हात धरला, कपाळाला लावला, आणि मग तो काही कपाळ उचलेना. हमसून हमसून रडायला लागला. "निनांग, माझा कोंबडा मेला."

"कळलं मला. दर वर्षी मरतो. पुढच्या खेपेला बदक पाळ." तिने हात सोडवून घेतला नाही. कोयता पायाने माझ्याकडे सरकवला आणि त्याला तसंच धरून जेवायच्या टेबलापाशी नेलं. टेबलाखालून पान्ताय बाहेर आला तेव्हा निलोने, जेवताना कोणी आलं की करतात तसं, त्याच्यापुढेही डुकराचं ताट केलं.

संध्याकाळी मी ठेल्यावर गेलो. पिस्तूल तसंच दोन हातांत, पोर धरावं तसं.

"हे आता घे बाई. माझ्याच्याने सांभाळवत नाही. मॅगझीन कुठाय याचं?"

"बर्फाच्या पेटीत, बांगड्यांखाली."

"म्हणजे रिकामं होतं? सगळा वेळ?"

"फिएस्ताला भरलेलं कोण नेतं? दारुडे असतात." तिने डबा उघडला आणि पिस्तूल आत ठेवताना त्याच्या मुठीवरून एकदा अंगठा फिरवला. तिला ते खरंच आवडलं होतं.

"मग? ठेवणार?"

"चांगलं आहे रे. वजन पेलतं, हातात बसतं. सार्जंट म्हणतो त्यातलं काही खोटं नाही." तिने झाकण दाबून बसवलं आणि डबा माझ्याकडे दिला. "कोनसिंगला परत दे. हे धरायला माझा उजवा हात अडकतो."