डोळा लावायला जागा नसलेली दुर्बीण

ही कबुली मी प्रथम देवनागरीत लिहिली, कारण माझ्या धाकट्या बहिणीला ती लिपी वाचता येत नाही. तंजावरातल्या आमच्या घरात बोलणे मराठीत, पण लिहिणे-वाचणे तमिळमध्ये. देवनागरी मी चाळिशीनंतर हौसेने शिकलो. वहीत सारे खरे लिहून ती वही मी तिच्यासमोर उघडी ठेवत असे, आणि तेवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजत असे.

तीस वर्षांपूर्वी एका सकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होते. माझ्याजवळ एक लहान दुर्बीण होती आणि तिच्या नेत्रभिंगावर बसवायची एक गडद हिरवी काच. सूर्य पाहायचा तो त्या काचेतून. आदल्या दिवशी प्रयोग करताना बारीकसा ‘टक्’ आवाज झाला. काच तापली होती आणि तिच्यात केसाएवढी रेघ दिसत होती. ओरखडा असेल, असे मी मनाशी म्हणालो. पण माझा त्यावर विश्वास नव्हता, हे दुसऱ्या दिवशीच्या माझ्या वागण्याने सिद्ध केले. आईने दह्याच्या भांड्यावर दर्भ ठेवून दारे लावून घेतली होती. बहीण मागच्या जिन्याने गच्चीवर आली. “पहिला मान तुझा, अम्मा,” मी तिला लाडाने म्हणालो. तिला ते औदार्य वाटले. खरे तर मला भीती वाटत होती.

ती ओरडली नाही. डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही, हे मला पुढे कळले. दुपारपर्यंत तिच्या उजव्या डोळ्याला समोरच्या माणसाचे कान दिसत होते, चेहरा दिसत नव्हता. आईने कारण ठरवले: ग्रहणात बाहेर पडली, ग्रहण बाधले. मी ती काच वडवारू नदीच्या पाण्यात टाकली आणि गप्प राहिलो. विज्ञान शिकलेल्या मला त्या दिवशी ग्रहणाची बाधा फार सोयीची वाटली. तेव्हापासून ती प्रत्येक ग्रहणात दार लावून बसते, आणि दरवर्षी सूर्यनार कोविलला, सूर्याच्या देवळात, जाऊन न केलेल्या अपराधाची क्षमा मागते.

ती तिरुवैयारुच्या शाळेत शिकवते. मान कलती ठेवून, डाव्या डोळ्याने वाचते. “वर्गातली पोरे मला कोक्कु म्हणतात अण्णा,” ती हसून सांगते. “बगळाही मासा एकाच डोळ्याने बघतो की!” गेल्या वर्षी तिनेच म्हटले, “एकदा चंद्र नीट दाखव ना.”

मी कित्येक आठवडे चौकशी केली. जाणकार सांगत होते की स्मार्ट दुर्बिणीच्या लहान भिंगातून ग्रह ठिपक्यासारखेच दिसतील. त्यापेक्षा नेत्रभिंगाची मोठी दुर्बीण घ्या. मी स्मार्ट दुर्बीणच घेतली. ती आकाशातली वस्तू स्वतः शोधते, तिचा माग ठेवते, दहा-दहा सेकंदांची छायाचित्रे एकावर एक रचते. फोटोग्राफी न शिकलेल्यालाही तेजोमेघ टिपता येतो. घरी मी हीच कारणे दिली. सारी खरी होती. पण त्या यंत्राला डोळा लावायला जागाच नव्हती, आणि मी ते घेतले ते एवढ्यासाठीच.

“मग ही दुर्बीण की इडलीपात्र?” बहिणीने पहिल्याच संध्याकाळी विचारले. तिवई सपाट बसवताना, शेजारच्या माडाच्या झावळ्या टाळताना, कावेरीकाठच्या दमट हवेने भिंगावर धरलेले दव घालवताना ती माझ्या शेजारी होती. फोन डाव्या डोळ्याजवळ धरून तिने चंद्राची विवरे पाहिली. मृगातला तेजोमेघ प्रथम राखेसारखा होता. चित्रांवर चित्रे चढत गेली तसा गुलाबी झाला. ती आनंदली की मी उगाच तिवईशी खटपट करू लागे.

मग तिला सूर्यावरचे डाग पाहायचे होते. सूर्य निवडला की ॲप आधी विचारते: सौर फिल्टर बसवला आहे का? मला तो प्रश्न यंत्राचा वाटत नसे. होकार देण्याआधी मी फिल्टरची काळी फिल्म उजेडासमोर धरून छिद्र शोधीत असे. एकदा, दोनदा, पाचदा. ती बघत असे, विचारीत नसे.

त्या रविवारी चार वाजता मी तिवई नीट करीत होतो. फिल्टर अजून तपासायचा होता. मान वर केली तर बहिणीने तो डबीतून काढला होता, उजवा डोळा हाताने झाकला होता, आणि फिल्टर डाव्या डोळ्यापाशी नेत ती सूर्याकडे वळत होती.

मी तो हिसकावला. तिच्या मनगटावर माझे नख लागले.

“ऐयो, काय झाले अण्णा? काळाच आहे की तो!”

“तपासलेला नाही.”

“मग एवढे घाबरायला काय झाले?” तिने मनगट चोळले आणि मग, मला धीर द्यावा तशी, म्हणाली, “तेव्हाचे आठवले ना? ती चूक माझी होती. आई नको म्हणत असताना मी वर आले.”

फोनवर तो प्रश्न तसाच उमटलेला होता. खाली रस्त्यावरून मोपेड गेली. माझ्यापाशी दोन वाटा होत्या, आणि त्यांपैकी एक मी तीस वर्षे चाललो होतो. आता तिचा डावा डोळा माझ्याकडे लागला होता, एवढाच उरलेला.

“आईचे खोटे होते,” मी म्हणालो. “ग्रहणाने काही केले नाही. त्या काचेला आदल्या दिवशीच तडा गेला होता. मी पाहिला होता. मला स्वतः बघायची भीती वाटली, म्हणून तुला आधी बघायला लावले. नंतर काच नदीत टाकली आणि तुला दोष घेऊ दिला.”

ती मान कलती करून माझा चेहरा पाहत राहिली.

“तुझा डोळा मी घालवला, अम्मा. मला क्षमा कर.”