मांडवातून परत गेलेल्या कोंबड्या

माझ्या हातात माइक आला की मला भान राहत नाही, हे आमच्या पाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मलाच देतात. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली, मराठी सरळ बोलणारी आणि आवाज असा की नाल्यापलीकडच्या शेतात ऐकू जावा, म्हणून लग्न असो की बारसं, चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडेच येतं.

आमच्याकडे मांडवात कुणी काही घेऊन आलं की दाराशी उभ्या असलेल्या मुली त्याला कुंकू लावतात, ख्रिस्ती घरातला असेल तर हातात फूल देतात. मग त्याचं नाव आणि आणलेली वस्तू एका चिठ्ठीवर लिहून माइकपाशी पाठवतात. वाचणाऱ्याने नाव घ्यायचं, वस्तू सांगायची आणि शेवटी ठणकावून म्हणायचं, ‘टाळ्या!’ पातेलं असो की बोकड, आवाज सारखाच लागला पाहिजे. आणि थांबायचं नाही, कारण पुढची चिठ्ठी आलेली असते. वर्षानुवर्षं मी आधी वाचते आणि मग मला समजतं.

या सवयीने मी त्या रविवारी दुपारी माझ्याच मोठ्या जावेचं नाक कापलं.

जावेचं घर पाड्याच्या टोकाला, नाल्याला लागून. विहीरही तिथेच. वरच्या अंगाला पोल्ट्री आहे. आमच्या नवापूर भागात पोल्ट्र्या पुष्कळ, त्यातली ही एक. तिथल्या मेलेल्या कोंबड्या खड्डा करून पुरायच्या सोडून पहाटे टेम्पोने आणून नाल्यात टाकायचे. ताटावर माश्या, पाण्याला वास. जावेने तालुक्याला तक्रार केली, तीही एकटीच्या सहीने. बाकीच्यांनी सह्या केल्या नाहीत, कारण अर्ध्या पाड्याची मजुरी त्या पोल्ट्रीतच. माझा नवराही तिथे अंड्यांचे ट्रे भरायला जायचा. मीही सही केली नाही. हे लिहिताना आज लाज वाटते, पण खरं ते लिहिलं पाहिजे.

सही करायला भ्यायलेल्या बायका रस्त्यावर बसायला मात्र भ्यायल्या नाहीत. ते कसं, मला विचारू नका. एका पहाटे जाऊ टेम्पोपुढे जाऊन बसली, तिच्या मागे दोघी बसल्या आणि चौथ्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी त्या चौथ्या दिवसातली. टेम्पो मागे फिरला. मग कुठे तालुक्याहून निरोप आला, की सोमवारी साहेब पंचनाम्याला येतील, पुरावा काय तो तयार ठेवा.

पुरावा म्हणजे पाण्याची तपासणी, आणि तपासणी म्हणजे पैसा. म्हणून आदल्या दिवशी हा कार्यक्रम ठरला. रस्त्यावर बसलेल्या बायकांचा सत्कार करायचा, जेवण घालायचं आणि ज्याला जे जमेल ते त्याने द्यायचं. चर्चची ताडपत्री आणि बाकडी, मारुतीच्या पारावरचा ढोल, माइक विसरवाडीहून भाड्याने. विसरवाडीच्या मारवाडी दुकानदाराने तेलाचा डबा दिला आणि वर म्हणाला, ‘माझं नाव जरा सावकाश वाचा.’ उडदाची डाळ चुलीवर रटरटत होती, बायका भाकरी थापत होत्या. जाऊ पुढे खुर्चीवर, गळ्यात झेंडूचा हार, तोंड असं की जणू कुणी तिला दंड केलाय. सत्कार तिला सोसत नाही.

मी रंगात आले होते. तांदूळ, टाळ्या! तुरीची डाळ, टाळ्या! एका म्हातारीने दोन भोपळे आणले, त्यांनाही टाळ्या! आणि त्याच दमात पुढची चिठ्ठी. मी पोल्ट्रीच्या मालकाचं नाव वाचलं, ‘यांच्याकडून तीस कोंबड्या, टाळ्या!’ म्हटलं आणि सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा मला समजलं.

दाराशी पोल्ट्रीचा मॅनेजर उभा होता. कपाळावर आमच्या मुलींनी लावलेलं कुंकू, पायाशी प्लास्टिकचे क्रेट, हातात उंच धरलेला मोबाइल. माझा आवाज, टाळ्या, जावेचा हार, सगळं त्याने टिपलं होतं. उद्या साहेबांना तो काय दाखवणार हे कळायला बारावी लागत नाही. त्याने मोबाइल खिशात टाकला, हसून हात जोडले आणि मोटारसायकलवर बसून निघून गेला.

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. सही करायला भ्यायले ती मी, आणि तिच्या शत्रूचं नाव माइकवरून गाजवलं तेही मीच.

जाऊ उठली. घरी आम्ही कोकणी बोलतो, समुद्राकडची नव्हे, आमची आदिवासींची बोली; तिचं बोलणं इथे मी मराठीत लिहिते आहे. ती म्हणाली, “परत वाच.”

मी वाचलं. या वेळी ‘टाळ्या’ म्हटलं नाही.

“कोंबड्या उचला. पोहोचवून येऊ.”

मांडवात एकदम गलका झाला. सासऱ्यांचे चुलतभाऊ काठी टेकत पुढे आले. मांडवात आलेली वस्तू परत पाठवायची म्हणजे नातं तोडायचं, असं आमच्यात आजवर कुणी केलेलं नाही. ते म्हणाले, “दारात आलेल्याला कुंकू लावलं आपण. आता तोंडावर फेकायचं?”

“काका, फेकत नाही. सन्मानाने पोहोचवू. ढोल घेऊ.”

“आणि नातं?”

“नातं असतं तर माझ्या विहिरीला वास आला असता का?”

काकांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. थोड्या वेळाने तेही आमच्या मागून चालत आले.

क्रेट उचलताना कळलं, कोंबड्या एकोणतीसच आहेत. चुलीपाशी चौकशी केली तर आचारी बाई खाली मान घालून उभी. टाळ्या ऐकल्या आणि तिने तेवढ्यात एक साफही केली होती. मला हसू आलं आणि रडूही. जाऊ घरी गेली आणि आपली गावठी कोंबडी काखेत मारून आली. तांबडी, अंडी घालणारी, तिच्याकडची एकुलती. “तीस म्हणजे तीस,” म्हणाली. “उद्या त्यांनी म्हणायला नको, की एक तरी खाल्लीच.”

मग आम्ही निघालो. पुढे ढोल, मागे बायका, मधे क्रेट. पहिला क्रेट माझ्या नवऱ्याने डोक्यावर घेतला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “काय बघतेस? काम गेलं तर गेलं.” आणि गेलंही, दुसऱ्याच आठवड्यात. पण त्या दिवशी तो ज्या ताठ मानेने चालला, तशी मान मी लग्नातही पाहिली नव्हती. माइकवाल्याने बॅटरीचा भोंगा आपल्या छोट्या हत्तीवर, म्हणजे चारचाकी छोट्या टेम्पोवर, बांधला आणि मला शेजारी बसवलं. “ताई, माइक चालू शे बरं का,” तो म्हणाला, “जे बोलशी ते समदं बाहेर ऐकू जाई ऱ्हायनं.” म्हटलं, आज तेच पाहिजे.

पोल्ट्रीच्या फाटकाशी मी उभी राहिले आणि पोटातून आवाज काढला. ‘आमच्या पाड्याकडून पोल्ट्रीला तीस कोंबड्या, टाळ्या!’ टाळ्या अशा वाजल्या की आतल्या शेडमधली पाखरं फडफडली.

फाटकावर वॉचमन होता, आमच्या ओळखीचा, धुळ्याकडचा. तो क्रेट आत येऊ न देता हात आडवे करून म्हणाला, “नही ताई. बाहेरना पक्षी मजार लेता येत नही. एकदाव गया तो गया. रोग लागस.”

जावेने तांबडी कोंबडी त्याच्यापुढे धरली. बाजारात वावरून तिला अहिराणी चांगली येते. “मरेल पक्षी आमना नालामा टाकतस, तवय रोग लागत नही का?”

वॉचमनने आतल्या ऑफिसकडे पाहिलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, तो नोकरीचा माणूस. मॅनेजर आतल्या ऑफिसच्या दारात दिसला, आमच्याकडे आणि उगारलेल्या मोबाइलांकडे पाहून तिथूनच ओरडला, “काय पाहिजे ते देऊन घालव त्यांना!”

“घेणार नसाल तर तसं लिहून द्या,” जाऊ म्हणाली.

वॉचमनपाशी गेट पासचं पुस्तक असतं. माल परत गेला की कारण लिहायचं, शिक्का मारायचा, हे त्याच्या हाताला इतकं बसलेलं की त्याने विचारही केला नाही. माझ्यासारखाच तो. ओठ हलवत त्याने लिहिलं, शिक्का आपटला आणि पास फाडून जावेच्या हातात दिला. जावेला सहीपुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही. तिने तो घडी करून हाराखाली, चोळीत ठेवला.

क्रेट आम्ही फाटकाबाहेर सावलीला ठेवले, पाण्याचं भांडंही ठेवलं. तांबडी मात्र जावेने परत काखेत घेतली. तिला आत जागा नव्हती, आणि बाहेर टाकून यायला ती काही पोल्ट्रीची नव्हती. येऊन आम्ही डाळ-भाकर खाल्ली. साफ केलेली कोंबडी काकांनी पुरायला लावली.

सोमवारी साहेब आले. नाल्यापाशी खुर्ची टाकली, आणि मॅनेजरने पहिल्यांदा काढला तो मोबाइल. माझा आवाज नाल्यावर घुमला, ‘तीस कोंबड्या, टाळ्या!’

“म्हणजे तुमच्यात मिटलंय,” साहेब म्हणाले. “बाईंनी कोंबड्या घेतल्यात. रोगाची भीती असती तर घेतल्या असत्या का?”

मॅनेजर म्हणाला, “साहेब, पक्ष्यांपासून कुणाला काही रोगबीग होत नाही. उगाच बोभाटा.”

“लिहू मी हे?” साहेबांनी विचारलं.

“लिहा ना.”

साहेबांनी लिहिलं. जाऊ ते संपेपर्यंत थांबली. मग तिने चोळीतून पास काढला आणि माझ्या हातात दिला. “वाच.”

माझी जीभ सवयीने उचलली होती. मी तिला आवरलं. आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी आधी मनात वाचली, दोनदा वाचली. मग साहेबांच्या कागदावर मी माझं नाव मागितलं, जावेच्या नावाखाली, आणि सही केली. माझ्यामागे कोण कोण उभं राहिलं ते वळून पाहिलं नाही. चपलांचे आवाज ऐकू येत होते, तेवढे पुरे होते.

नंतर उभी राहिले आणि माइक नसताना, नाल्यापलीकडे ऐकू जाईल असं, सावकाश वाचलं:

‘तीस पक्षी परत. कारण, रोग पसरतो.’