जाऊची वही, माही बारावी

आता आपलीच फजिती आपल्या तोंडानं सांगायची म्हणजे जिवावर येते. पण तुम्ही चहा घेऊन बसलेच आहात, तर ऐका. हसा, पण आमच्या घरी नका सांगू!

आर्वीत आमचं कापडाचं दुकान. घरात सासूबाई, आम्ही दोघं, दीर अन् त्याची बायको पल्लवी. म्हणजे माही जाऊ, आठ वर्षांनी लहान. आम्ही दोघी दहावी पास. बरोबरी! सुखात चाललं होतं.

तर या बाईनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. म्हणजे कॉलेजात नाव नाई, क्लास नाई. घरी अभ्यास करायचा अन् सरळ बारावीच्या परीक्षेले बसायचं. बसली. अन् पास झाली, तेही एकाहत्तर टक्के!

सासूबाईनं गल्लीत सांगितलं. भाजीवालीले सांगितलं. गिऱ्हाइकाले साडी दाखवता दाखवता सांगितलं, "आमची धाकटी बारावी झाली बरं!" अन् मी आत पोळ्या लाटून राह्यली होती. पोटात असं जळलं, का त्या दिवशी तव्याखाली गॅसची गरज नव्हती.

ठरवलं, आपणबी भरायचा. पण गुपचूप! पल्लवीले विचारायचं? अंहं, मरून जाईन!

तिची मानसशास्त्राची वही कपाटातून काढली, झेरॉक्स केली, वापस ठेवली. तिले त्यातच जास्त मार्क होते ना!

फॉर्म भरायले गेली, तर मागं रांगेत आमच्या शेजारच्या शोभाकाकू. त्यांच्या कानात पडलं म्हणजे आर्वीभर झालं! अन् फॉर्म भरणारे काका ओरडले, "विषय सांगा!"

मी पदर तोंडावर धरून पुटपुटली, "ते... शास्त्र. माणसाचं."

"समाजशास्त्र?"

"हो हो, तेच! लवकर करा!"

झालं. सहा महिने गच्चीवर कपडे वाळू घालता घालता बुद्धी, स्मृती, ताणतणाव सारं पाठ केलं. हॉल तिकीट आलं, त्याच्यावरच्या तारखा तेवढ्या पाह्यल्या अन् डाळीच्या डब्यात लपवलं. घरी सांगितलं, ब्लाऊज शिवणं शिकायले जातो.

पहिले पेपर बरे गेले. मग एक दिवस पेपर हाती आला, त्यात कुटुंब, विवाह, समाज! मी उभीच राह्यली. "मॅडम, तुम्ही चुकीचा पेपर देल्ला!"

मॅडमनं हॉल तिकिटावर बोट ठेवलं. समाजशास्त्र!

"पण मी तं मानसशास्त्र पाठ केलं!"

"मग मन घट्ट करा अन् बसा. पोरं हसून राह्यले."

बसली. संयुक्त कुटुंबावर एक प्रश्न होता. चार पानं लिहिली. अर्धं पान व्याख्या, उरलेली साडेतीन पानं पल्लवी!

निकाल लागला. बाकी सारे विषय सुटले, समाजशास्त्रात दांडी उडाली. स्वयंपाकघरात मोबाईल धरून रडत होती, तर पल्लवी आली.

"ताई, रडता काऊन?"

सारं सांगितलं. वहीचंबी. वाटलं, आता ही हसणार अन् सासूबाईले सांगणार. तर ती माह्याजवळ खाली बसली. "मले एक शब्द सांगितला असता तं! समाजशास्त्रबी होतं मले. पुन्हा परीक्षा होते ना, मी शिकवतो."

अन् शिकवलं हो, रोज दुपारी, न चिडता. चांगल्या माणसाचा राग करायले किती मेहनत लागते, ते तवा समजलं. तरी मी सोडला नाई.

पास झाली! नवी साडी नेसून अंगणात बसली, म्हटलं, या आता कौतुक करायले. शोभाकाकू आल्या. माह्या बाजूनं सरळ पुढं गेल्या अन् पल्लवीचा हात धरला, "काय शिकवते गं पोरी! हिलेसुद्धा पास केलं!"

तवापासून गल्लीतल्या बाया पल्लवीकडे बारावीच्या अभ्यासाले येतात. परवा नवऱ्याच्या बदलीनं समुद्रपूरहून आलेली एक नवीन बाई आली. मी पोहे नेऊन देले, तर कौतुकानं विचारते, "मॅडमकडे कामाले कधीपासून आहात तुम्ही?"

काय सांगू? बारावी पास बाई मी. प्लेट ठेवली अन् म्हटलं, "लग्न झाल्यापासून!"