टाकीचं झाकण

आमचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि घरात त्याला मानही माझ्यापेक्षा जास्त आहे. मला ताप आला तर बाबा म्हणतात, "झोप जरा, बरं वाटेल." ट्रॅक्टर नुसता खोकला तरी त्यांना जेवण जात नाही. त्याचा मूळ रंग लाल होता असं बाबा सांगतात, निळा होता असं आई सांगते. आता त्यावर कुठलाच रंग उरलेला नाही, त्यामुळे हा वाद मिटण्याची आशा मी सोडली आहे.

दिघाशीला आमची भाताची खाचरं आहेत. मी मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे. कुठला माल कुठल्या ट्रकात चढला, आणि जो चढायला हवा होता तो का चढला नाही, हे शोधत बसणं ही माझी ड्युटी. लावणीच्या दिवसांत मी रजा टाकून घरी राहते आणि मदत करते. पाना दे, चिंधी दे, बॅटरी धर, इकडे नको तिकडे धर, याला आमच्याकडे मदत म्हणतात.

ज्या पावसाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी ट्रॅक्टर ऐन चिखलणीत, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करताना, बंद पडला होता. डिझेलच्या टाकीचं झाकण कधीच हरवलं होतं आणि बाबांनी तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून काम भागवलं होतं. पिशवी फाटली, पावसाचं पाणी डिझेलात गेलं. पडघ्याहून मेकॅनिक आला, त्याने फिल्टरमधून वाटीभर पाणी काढलं आणि बांधावर जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, हा डिझेलवर चालतो. पाण्यावर चालणारा अजून निघाला न्हाय."

लोक पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. आईही हसली नाही, कारण लावणीला आलेल्या बाया तोवर वाट बघून दुसऱ्यांच्या शेतात निघून गेल्या होत्या. आमच्याकडे बाया पाळीने येतात. आज आमच्यात, उद्या शेजाऱ्यांत. पाळी हुकली की त्या परत कधी येतील ते त्यांच्या हातात, आणि तोवर रोप उभ्या उभ्या पिवळं पडतं. त्या वर्षी आमचं पडलं.

बाबांनी मेकॅनिकचं ते वाक्य मनाला लावून घेतलं. भिवंडीत लूमचे भाग बनवणारा एक मिस्त्री त्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे खेपा घालून त्यांनी एक पितळी झाकण करवून घेतलं. आत आटे, आट्यांवर सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या दोन रिंगा, वर ग्रीस. झाकण बसवलं त्या दिवशी बाबांनी शेजारपाजार गोळा केला आणि सगळ्यांसमोर टाकीवर एक आख्खा हंडा पाणी ओतलं. एक थेंब आत गेला नाही. शेजारच्या काकांनी झाकण हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हे तर रॉकेटला लावण्यासारखं हाय." बाबा आठवडाभर तरंगत होते.

आई तरंगत नव्हती. पाऊस सुरू होऊन रोप तयार झालं तेव्हा तिने एकदाच सांगितलं, "या साली बाया यायच्या आधी चिखलणी उरकली न्हाय, तर हा भंगारात जाईल. पुढच्या साली भाड्याचा आणायचा. मी पुन्हा बायांसमोर तोंड पाडून उभी ऱ्हाणार न्हाय." आणि भिवंडीच्या भंगारवाल्याचा नंबर तिने मला फोनमध्ये टाकून ठेवायला लावला. आमच्या घरात आईने एकदा सांगितलं की ते होतंच. बाबांनी तो नंबर पाहिला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, जणू भंगारवाला मीच.

मला आईचं पटत होतं आणि बाबांकडे बघवत नव्हतं. बाबांना दुसरा शौक नाही. पत्ते नाहीत, पारावरच्या गप्पा नाहीत. कंटाळा आला की ते ट्रॅक्टर पुसतात, राग आला की तोच पुसतात. तो गेला तर हा माणूस दिवसभर करेल काय, याची मला खरोखर काळजी वाटत होती.

चिखलणीच्या पहिल्या दिवशी ट्रॅक्टर झोकात सुरू झाला. लोखंडी चाकं लावून बाबा वरच्या खाचरात उतरले. चिखल उडत होता, बगळे मागे मागे चालत होते, बाबा राजासारखे बसले होते. थोड्या वेळाने आवाज बारीक झाला. मग ट्रॅक्टर दोनतीनदा उसासला आणि बंद पडला. बगळेसुद्धा थांबून बघू लागले.

पहिले आले ते शेजारचे काका. त्यांचं निदान ठरलेलं असतं. "एअर धरली." ट्रॅक्टर असो, त्यांचं पोट असो, टीव्हीचा रिमोट असो, काकांच्या मते जगातल्या सगळ्या तक्रारी एअर धरल्यामुळे होतात. त्यांनी झाकण उघडलं, काठी बुडवून डिझेल किती आहे ते पाहिलं, झाकण घट्ट लावलं. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, हातपंप मारला आणि आम्हाला दम दिला, "कोणी बोलू नका. एअर जाताना ऐकू येते." आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. फेस गेला, नितळ डिझेल आलं, स्क्रू आवळला, ट्रॅक्टर सुरू झाला. काका कॉलर ताठ करून घरी गेले. ते घरी ही हकिगत सांगत असतानाच ट्रॅक्टर परत बंद पडला.

काकांना पुन्हा बोलावलं. पुन्हा झाकण, पुन्हा काठी, पुन्हा शांतता पाळली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. संध्याकाळपर्यंत वरचं खाचर कसंबसं झालं. उरली दोन. त्यातलं मधलं मोठं, आणि ते उद्याच व्हायला हवं होतं, कारण परवा बाया येणार होत्या. खालचं शेवटी लावायचं, त्यामुळे त्याची घाई नव्हती. रात्री जेवताना बाबांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडघ्याहून मामा आला. मामाने उभी हयात नाशिक हायवेवर ट्रक चालवला आहे, त्यामुळे चार चाकांच्या कुठल्याही वस्तूवर त्याचा शेवटचा शब्द असतो. "एअर फेअर काय न्हाय. फिल्टर चोक हाय." त्याने झाकण उघडलं, आत डोकावला, झाकण लावलं. फिल्टर धुतला. मग खालचा पाइप काढून तोंडाने ओढायला गेला आणि घोटभर डिझेल प्यायला. ट्रॅक्टर सुरू झाला. मामा मात्र जेवणापर्यंत डिझेलचे ढेकर देत होता. आईने सख्ख्या भावाला गॅसपासून लांब, ओटीच्या टोकाला नेऊन बसवलं आणि चहा तिथे पाठवला.

ट्रॅक्टर मधल्या खाचराच्या मधोमध जाऊन थांबला. मामा म्हणाला, "आता हे माझ्या हातातलं न्हाय," आणि ढेकर दिला.

मग बाबांनी भिवंडीच्या मिस्त्रीला फोन केला. तो मोटरसायकलवर हत्यारांची पेटी बांधून दुपारी आला. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून चिखलात उतरला आणि पहिल्यांदा आपलं झाकण उघडून बघितलं. "क्या फिटिंग है, देखा?" असं आम्हा सगळ्यांना विचारून ते परत कचकचून लावलं. मग ठरवलं की पंप में कचरा है. पंपाजवळची जाळी धुतली. ट्रॅक्टर सुरू झाला. बाबांनी मिस्त्रीला मिठी मारली. मिठी सुटते न सुटते तोच काका म्हणाले, "जाळी धुताना एअर निघाली, म्हणून चालला."

बाबा खाचरात फेऱ्या घेऊ लागले आणि हे तिघे बांधावर भांडू लागले. मी मात्र त्यांच्याकडे लक्ष देत नव्हते. मिस्त्रीने झाकण उघडलं तेव्हा 'सुस्स' असा आवाज आला होता. आदल्या दिवशी काकांच्या वेळीही आला होता, पण तेव्हा आम्ही एअर ऐकायला कान लावून उभे होतो, तो आवाज आमच्या खिजगणतीत नव्हता. गोडाऊनमध्ये तीन वेगवेगळ्या ट्रकांत एकच घोळ झाला तर मी ड्रायव्हरांना धारेवर धरत नाही, तिघांमध्ये सारखं काय होतं ते बघते. इथे तिघांचे इलाज वेगळे होते, पण प्रत्येकाने आधी झाकण उघडलं होतं. टाकीतलं डिझेल खाली जातं तशी वरून हवा आत यायला हवी. पाण्याचा थेंबही आत जाऊ नये म्हणून केलेल्या झाकणातून हवा काय जाणार. झाकण उघडलं की टाकीला श्वास मिळायचा आणि त्या श्वासावर ट्रॅक्टर थोडा वेळ चालायचा. बाजारात जाऊन येण्यापुरता तो आधीही चालला होता, म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही.

ट्रॅक्टर पुन्हा थांबला तेव्हा मी हे सगळ्यांसमोर बोलून टाकलं. बोलायला नको होतं असं लगेच वाटलं. बाबांचा चेहरा उतरला.

"झाकणाला नाव ठेवू नको," ते म्हणाले. "त्यात खोट न्हाय."

आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच काका, मामा आणि मिस्त्री यांचं एकमत झालं. झाकणात दोष असेल तर तिघांपैकी कोणीच काही दुरुस्त केलं नव्हतं, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, ये पितल है, पितल." मामा म्हणाला, "पोरी ऑफिसात बसतात आणि ट्रॅक्टर शिकवतात." मला असा संताप आला की मी चिखलाचा गोळा उचलला. कोणावर टाकायचा ते ठरेना, म्हणून ठेवून दिला.

आई डोक्यावर जेवणाची पाटी आणि हातात छत्री घेऊन बांधावर कधीची उभी होती. तिने पाटी खाली ठेवली. "झाकण काढून चालवा," ती बाबांना म्हणाली. "खरं काय ते कळंल."

"पाऊस हाय. पाणी जाईल आत. गेल्या सालचं इसरलीस?"

आईने पदर खोचला, साडी वर घेतली आणि छत्री घेऊन तरातरा चिखलात उतरली. बाबांना काही कळायच्या आत ती चाकावर पाय देऊन चढली, मडगार्डवर बसली आणि हात लांब करून छत्री टाकीच्या तोंडावर धरली. "बंद पडला तर भंगारवाल्याला आत्ता फोन लाव," तिने मला सांगितलं. "चालवा."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आई त्या ट्रॅक्टरवर कधी बसली नव्हती. बाबांनी बस म्हटलं नव्हतं आणि तिने बसू का विचारलं नव्हतं. बाबांनी झाकण काढून खिशात टाकलं, हातपंप मारला, ट्रॅक्टर सुरू केला. मी फोनवर तो नंबर काढून उभी होते.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. नेहमी उसासायची वेळ आली आणि गेली. ट्रॅक्टर घुमतच राहिला. टाकीचं तोंड कोरडं होतं, बाबा निथळत होते आणि आई त्यांच्याहून निथळत होती. सुरुवातीला ती ताठ बसली होती. मग वळणावर ट्रॅक्टर कलला तेव्हा तिने एका हाताने बाबांचा खांदा धरला, आणि वळण संपल्यावर सोडला नाही. पुढे पुढे तर ती छत्रीच्या टोकाने बाबांना कुठला कोपरा राहिला ते दाखवू लागली. बाबा ओरडून काहीतरी बोलले आणि ती खो खो हसली. एवढ्या मोठ्याने हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. काका, मामा आणि मिस्त्री बांधावर ओळीने बसून आमचं जेवण संपवत होते.

अंधार पडायच्या आत मधलं खाचर झालं. आता बाया खुशाल येऊ देत. घरी आल्यावर अंग पुसून सगळे ओटीवर बसले. बाबांनी खिशातून झाकण काढलं, सदऱ्याने पुसलं आणि मिस्त्रीपुढे धरलं.

"पाड भोक," ते म्हणाले.

मिस्त्रीने पेटीतून ड्रिल काढलं आणि वायर माझ्याकडे दिली.

"राहू दे," आतून आई म्हणाली. ती डोकं पुसत बाहेर आली आणि तिने झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं. "खालचं खाचर ऱ्हायलंय अजून. ते झालं की पाडा काय पाडायचं ते."

मग ती बाबांकडे वळली. "लवकर निघायचं. आणि त्या मडगार्डावर कायतरी घाला, टोचतो."

बाबा उठले आणि गोणपाट शोधायला गेले.